जिम्नीला 50 मिमी लिफ्ट केल्यानंतर ॲडजस्टेबल कंट्रोल आर्म घ्यावेत का?

खानापूर_फोरव्हील

नमस्कार मंडळी. माझ्या पाच दारांच्या जिम्नीला 50 मिमी उंच करणारे स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर बसवून घेतले आहेत. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, पावसाळ्यात जिथे तांबड्या मातीत चाके रुततात अशा शेतरस्त्यांवर, गाडी आता उत्तम चालते. मात्र धारवाडच्या महामार्गावर ताशी 80 च्या पुढे स्टिअरिंग हलके होऊन भरकटते आणि वळण संपल्यावर ते आपण होऊन सरळ येत नाही. एका दुकानदाराने पुढे-मागे चारही ठिकाणी लांबी कमी-जास्त करता येणारे कंट्रोल आर्म (ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे चासीशी जोडणारे दांडे) घालण्याचा सल्ला दिला आहे. हा खर्च योग्य ठरेल का, असे आर्म बेळगावच्या उद्यमबागेत बनवून घेता येतील का, आणि बसवताना काय पाहावे? गोवा व चंदगडकडे नेहमी जाणे असते, म्हणून कायद्याची बाजूही कळली तर बरे होईल.

घाटमाथा

आपण वर्णन केलेली लक्षणे कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागच्या बाजूला असलेला कल) कमी झाल्याची आहेत, आणि आर्मची लांबी वाढवून कॅस्टर परत मिळणार नाही. जिम्नीची पुढची ॲक्सल थ्री-लिंक पद्धतीची आहे: प्रत्येक बाजूचा आर्म मागे चासीला एका बुशवर (रबरी सांध्यावर) टांगलेला असतो आणि पुढे ॲक्सलला दोन बुशांनी, एक ॲक्सलच्या पुढे व एक मागे, घट्ट धरतो. गाडी उचलली की आर्मचे पुढचे टोक चासीच्या तुलनेत खाली जाते आणि त्याच्याबरोबर अख्खी ॲक्सल फिरून स्टिअरिंगच्या अक्षाचे वरचे टोक पुढे झुकते. आर्मची लांबी 700 मिमी धरली, तर 50 मिमी लिफ्टने हा फरक सुमारे 4 अंश होतो, आणि कंपनीने मुळात ठेवलेला कॅस्टर इतका मोठा नसतो की त्यातून एवढा वजा होऊन काही हाती उरावे.

लांबी बदलल्याने ॲक्सल फक्त पुढे-मागे सरकेल; दोन्ही बाजूंची लांबी थोडी जरी वेगळी राहिली, तर ॲक्सल तिरकी बसून गाडी एका अंगाला ओढू लागेल. कॅस्टरसाठी तीन मार्ग आहेत: छिद्र मध्यापासून सरकवलेले बुश, चासीकडचा बिंदू खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा ॲक्सलकडच्या टोकाला कोन बदलून घडवलेले आर्म. ब्रॅकेट सर्वांत सोपे, परंतु ते नेमके दगडाला आदळण्याच्या जागी लोंबतात, म्हणून कणकुंबीच्या बाजूला मी ते सुचवणार नाही. आपल्या उंचीला बुश पुरेसे व्हावेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, की कॅस्टर वाढवताना पुढच्या डिफरन्शियलचे (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याचे) तोंडही खाली वळते आणि त्याला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवरचा कोन वाढतो, त्यामुळे हव्यासाने जास्त कॅस्टर मागू नये.

आधी अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची तपासणी) करून छापील आकडे घ्या. ॲक्सल बाजूला सरकली आहे का हेही पाहा. लिफ्टनंतर आडवा रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देण्यासाठी चासीशी जोडणारा) अधिक तिरका होऊन ॲक्सलला आपल्या चासीकडच्या टोकाच्या दिशेने ओढतो. तुमच्या गाडीत लांबी बदलता येणारा भाग घेण्यात अर्थ असेल, तर तो या रॉडच्या बाबतीत आहे.

उद्यमबाग_लेथ

बनवून घेण्याबद्दल सांगतो. आपल्या उद्यमबागेतल्या आणि मच्छेच्या कारखान्यांत याहून बारीक मापाची कामे रोज होतात, तेव्हा कौशल्याचा प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की आर्म तुटला तर चाक जागेवर राहत नाही. कंपनीचा आर्म मधून कापून त्यात आट्यांचा तुकडा वेल्ड करणारे लोक भेटतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा, कारण वेल्डिंगलगतच्या तापलेल्या पट्ट्यातच पुढे तडा जातो आणि रंगाखाली तो दिसतही नाही. आडवा रॉड नव्याने करायचा असेल, तर जाड भिंतीची सलग नळी, आट्यांची पकड निदान व्यासाच्या दीडपट, आणि दोन्ही टोकांना चेकनट (आटे सैल होऊ न देणारा जादा नट) एवढा आग्रह धरा. चेकनटवर रंगाची रेघ ओढून ठेवली की तो सैल झाला हे एका नजरेत कळते.

सांध्याबद्दल: उघडे गोलाकार धातूचे जॉइंट आपल्या चिखलात लवकर वाजू लागतात. जिम्नीच्या आर्मला रबरच बरे, कारण या रचनेत एक चाक वर आणि दुसरे खाली जाताना ॲक्सलला लागणारा पीळ बुशच्याच लवचिकतेतून मिळतो, आणि कडक पॉलियुरेथेन घातले तर तीच मोकळीक जाते.

निपाणी_थार

वरील सर्व जिम्नीपुरते आहे. थारवाल्यांनी ते आपल्या गाडीला लावू नये. 2020 नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र डबल विशबोन आहे, त्यामुळे लिफ्टनंतर वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा कोन आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बिघडतो, आणि तिथे ॲडजस्टेबल आर्म खरोखर उपयोगी पडतो. मागे सलग ॲक्सलला वरचे आणि खालचे लिंक वेगवेगळे असल्याने वरच्यांची लांबी बदलून डिफरन्शियलचे तोंड फिरवता येते.

कायदा कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत एकच आहे, कारण मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. कलम 52 नुसार मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. चोर्ल्याच्या नाक्यावर कोणी आर्मकडे वाकून पाहणार नाही, हे खरे. परंतु अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर वाकून पाहतो.

खानापूर_फोरव्हील

सर्वांचे मनापासून आभार. चार आर्मांचा विचार सोडला. आधी अलाइनमेंटचे आकडे घेतो, मग बुश आणि गरज भासल्यास आडवा रॉड. बुश बदलताना काही विशेष काळजी?

घाटमाथा

जुने बुश प्रेसवर काढा, हातोड्याने नव्हे, आणि नवीन बसवताना सरकवलेल्या छिद्राची दिशा दोन्ही बाजूंना सारखी आहे याची खात्री करा. एक जरी उलटा बसला तर आर्मला पीळ पडून बोल्ट जागेवर येणार नाही. गाडी घोडीवर असताना बोल्ट फक्त हाताने लावावेत आणि अखेरचा टॉर्क चाके जमिनीवर टेकून गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच द्यावा. हवेत लटकलेल्या स्थितीत आवळलेले रबर गाडी खाली उतरताच कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी कुठे ताणल्या जात नाहीत ना, तेही पाहून घ्या. काही शे किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासा, आणि अलाइनमेंटचा दुसरा कागद इथे टाका.