मदत हवी आहे : फुल चार्ज केलेली इलेक्ट्रिक गाडी घाटात धरत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही पाचगणीला राहतो. दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी ३० युनिटची. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटला लावते, सकाळी १०० टक्के भरलेली असते.

अडचण येते पसरणी घाट उतरताना. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप धरते, म्हणजे हळू होते, मोटर जनरेटरसारखी फिरून बॅटरीत वीज टाकते आणि मीटरवर हिरवी पट्टी वाढते. सकाळी मात्र घाटातल्या पहिल्या वळणांवर ती पट्टी हलतच नाही. न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी गाडी सुटते, सगळा भार ब्रेकवर. परवा आईला वाईला दवाखान्यात नेत होते. ती दारावरची मूठ घट्ट धरून बसली होती. खाली उतरलो तर पुढच्या चाकांपाशी जळका वास! पुढे साताऱ्यापर्यंत सपाटीला गाडी व्यवस्थित धरत होती.

शोरूममध्ये तर सांगितलं होतं, 'घाट उतरताना गाडी चार्ज होते.' मोटरमध्ये बिघाड असेल का? आईला घेऊन पुन्हा उतरायचा धीर होत नाही.

प्रतिसाद :
ताई, मोटर ठीक वाटते. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. तरी ढकलली तर सेल खराब होतील, म्हणून गाडी स्वतःच रीजन (मोटरने गाडी धरून बॅटरीत वीज टाकणं) जवळजवळ बंद ठेवते. तुम्ही डोंगरावर राहता, त्यामुळे रात्री ८५-९० टक्क्यांवरच थांबवा. गाडीत चार्ज लिमिट नसेल तर वेळेवरून ठरवा, १५ अँपिअरवर तासाला साधारण ३ युनिट जातात, म्हणजे तुमचे १० टक्के. कंपनीने अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगितलं असेल तर जरूर करा, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी घाट नको.

आणि घाटातून फार विजेची आशा ठेवू नका. १६०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आली की हिशेबाने २.६ युनिट होतात. त्यातले काही टायर आणि हवेत जातात, काही मोटर-बॅटरीत. हाती एक-सव्वा युनिट लागतं. खरा फायदा ब्रेक थंड राहण्याचा. वास आला आहे, तेव्हा ब्रेक पॅड आधी तपासून घ्या, त्यात चालढकल नको.

धागाकर्ती :
मनापासून आभार. पॅड तपासले, शाबूत आहेत. काल रात्री ८८ वर प्लग काढला. आज पहिल्याच वळणावर पट्टी हिरवी झाली, वाईत ९१ दिसत होते. आईची पुढची तारीख गुरुवारची आहे, मीच नेणार.