बफरचा सामू ७ असलाच पाहिजे असे नाही
‘बफर म्हणजे सामू (pH, आम्लता मोजण्याचे माप) ७ वर धरून ठेवणारे द्रावण’ ही व्याख्या दुरुस्त करायला हवी; बफर म्हणजे थोडे आम्ल किंवा अल्कली घातले तरी आपला सामू फारसा बदलू न देणारे द्रावण. बफर कोणत्या सामूला स्थिरावेल, हे त्यातील सौम्य आम्ल कोणते आणि त्याच्या क्षाराशी त्याचे प्रमाण किती, यावर ठरते. एक लिटर द्रावणात ॲसेटिक आम्ल व सोडियम ॲसेटेट प्रत्येकी ०.१ मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) असतील, तर सामू सुमारे ४.७६ येतो, त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तरी ॲसेटेट आयन हायड्रोजन आयनांना पकडत असल्याने तो जेमतेम ४.६७ पर्यंत उतरतो, आणि तेवढेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात मात्र सामू ७ वरून थेट २ वर आणते. सामूचे माप लॉगरिदमी, म्हणजे दर अंकाला दहापट बदलणारे, असल्यामुळे पाण्यातली ही घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांत एक लाखपट वाढ होय. विद्यार्थी बहुधा इथेच अडखळतात.

आपल्या जळगावकडची चुनखडीयुक्त काळी जमीनही अशीच हट्टी असते: केळीच्या बागेत थोडे आम्ल सोडले तरी तिचा सामू फारसा हलत नाही, कारण जमिनीतले कॅल्शियम कार्बोनेट ते आम्ल संपवून टाकते. अर्थात, ही क्षमता अमर्याद नसते; वरील द्रावणात ०.१ मोलपेक्षा अधिक आम्ल पडले, की ॲसेटेट संपते आणि सामू कोसळतो.