लॅब्रडॉरचे पिल्लू घ्यायचे आहे. विक्रेता विश्वासू आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न (रत्नागिरी): आंबा-काजूच्या बागेत राखणीला आणि मुलांच्या सोबतीला लॅब्रडॉरचे पिल्लू आणण्याचा विचार आहे. एका विक्रेत्याने मोबाइलवर छायाचित्रे पाठवली असून, आगाऊ रक्कम भरल्यास पाच आठवड्यांचे पिल्लू हातखंब्याच्या तिठ्यावर आणून देतो, असे तो म्हणतो. मात्र पिल्लाची आई दाखवायला तो तयार नाही. व्यवहार करावा का?

प्रतिसाद १ (चिपळूण): मुळीच करू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आम्ही असेच रस्त्यावर हातात घेतलेले पिल्लू चौथ्या दिवशी पडवीतल्या गोणपाटावर रक्ताची हगवण होऊन पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने गेले. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

प्रतिसाद २ (मालवण): स्वतः जाऊन पाहा. आई अंगाने भरलेली आहे का, माणसाजवळ निर्धास्त येते का, पिल्ले कोरड्या जागेत आहेत का, हे पाहावे आणि आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत, कारण या जातीत खुब्याचा दोष आनुवंशिक असतो. वंशावळीचा कागद कुळ सांगतो, पाळणूक नव्हे. पाच-सहा जातींची पिल्ले बारमाही तयार असतील, तर तो कारखानाच समजावा.

प्रतिसाद ३ (गुहागर): राखणच हवी असेल, तर गावठी पिल्लू का नको? लॅब्रडॉर चोरापुढेही शेपूट हलवील.