शहर निवडताना मोकळी जागा कशी तपासायची?

प्रश्न: नवीन शहरात घर बघतोय. पळणं, सायकल, डोंगर हवेत. नकाशात सगळंच हिरवं दिसतं. नेमकं काय बघू?

उत्तर १: हिरव्या रंगावर जाऊ नका, गोल्फचं मैदानही हिरवंच दिसतं. ३-३०-३००चा निकष लावा: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३०% झाडांची सावली, ३०० मीटरवर बाग. अंतर फाटकापर्यंत, चालायच्या वाटेनं मोजा. मध्ये हायवे किंवा रेल्वेरूळ आला की सरळ रेषेतलं माप कुचकामी.

उत्तर २: डोंगराचं अंतर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत बघा, तेही रविवारी संध्याकाळी परतीच्या गर्दीत. तरी झुकतं माप रोजच्या बागेलाच द्या.

उत्तर ३: फाटकाच्या वेळाही बघा! सकाळी ९ला बंद होऊन संध्याकाळी ५ला उघडणारी बाग रात्रपाळीवाल्याच्या काय कामाची?