नाटकात एमए आणि शिकवणं, दोन्ही एकत्र? (सोसायटी ग्रुप)

ए-२०४: नमस्कार मंडळी, थोडा वेगळा विषय आहे, चालेल ना. भाचीचं ग्रॅज्युएशन झालं आणि आता तिला नाटकात एमए करायचंय, कोर्समध्ये अभिनय पण आहे आणि नाटक शिकवणं पण. घरात दोन तट पडलेत. सी-४०३, तू हेच केलंयस ना गं? जरा सांगशील?

बी-१०१: वहिनी, नाटक हौस म्हणून करू दे की. त्यात दोन वर्षं घालवून पुढे काय? शिकवायचंच असेल तर सरळ टीचर ट्रेनिंग घ्यावं.

ए-५०२: काका, नाटकवाल्यांनाही कामं मिळतातच. पण मला वेगळीच शंका आहे, दोन्ही एकाच कोर्समध्ये म्हणजे दोन्ही अर्धवट नाही का राहणार?

सी-४०३: काकू, आत्ता तालमीवरून आले म्हणून उशीर झाला. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

अर्धवटची शंका मलाही होती. पण आत गेल्यावर कळलं की या दोन गोष्टी आधीपासूनच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. आज नट लोक इम्प्रोव्हायझेशनचे, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं करायचे, जे खेळ खेळतात ना, त्यातले कितीतरी व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोमध्ये वस्तीतल्या मुलांबरोबर आणि मोठ्यांबरोबर काम करताना तयार केले. लोक वेगवेगळ्या देशांतून आलेले, त्यामुळे लेक्चर देऊन भागणार नव्हतं, खेळातूनच पोचायला हवं होतं. म्हणजे नटाचं हत्यार शिकवण्यातूनच आलं! आणि १९६५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने नटांची एक टीम थेट शाळांमध्ये पाठवायला सुरुवात केली, थिएटर इन एज्युकेशन म्हणतात ते तिथून सुरू झालं. अशा नटांना नावच पडलं ॲक्टर-टीचर.

बी-१०१: हे माहीत नव्हतं. पण वर्गात नक्की करता काय? मुलांची नाटकं बसवायची, एवढंच ना?

सी-४०३: नाही काका, नाटक बसवणं हा त्यातला छोटा भाग. माझंच सांगते. पहिला वर्ग मिळाला दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा, तीसेक मुलं. स्टेजवर मी बरी होते त्यामुळे वाटलं जमेल. म्हटलं झाड व्हा. चार जण उभे राहिले, बाकीचे एकमेकांकडे बघत बसले, मी आवाज चढवला तर आणखीच बिघडलं. आमच्या गाइड मॅडम मागे वही घेऊन बसल्या होत्या, तास संपल्यावर त्यांनी फक्त एक पान दाखवलं, चाळीस मिनिटांतली तीस मी बोलले होते. बाकी एक शब्द नाही बोलल्या. त्या रात्री झोप नाही लागली.

मग त्यांनी डोरोथी हीथकोट वाचायला दिल्या. या बाई चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत कामाला लागल्या आणि पुढे न्यूकॅसलला शिक्षकांना नाटक शिकवायला लागल्या. त्यांची पद्धत अशी की शिक्षकाने स्वतःच एका भूमिकेत शिरायचं, आणि तीही शक्यतो अडचणीत सापडलेल्या माणसाची, म्हणजे सूत्रं मुलांच्या हातात जातात. पुढच्या आठवड्यात मी शाल पांघरून वर्गात शिरले, म्हटलं मी दीपगृहाची राखणदार, दिव्यातलं तेल संपलंय, रात्री बोटी येणार आहेत, मला काही सुचत नाहीये. दोन मिनिटं शांतता. मग एकीने बोटींची यादी करायला घेतली, आणि जो मुलगा तोवर अवाक्षर बोलला नव्हता त्याने विचारलं, तेल चोरलं कोणी? तिथून तास माझा राहिलाच नाही, मला फक्त नीट ऐकायचं होतं, कारण कोण काय विचारेल याचा नेम नव्हता आणि उत्तर राखणदाराचंच असायला हवं होतं.

आणि ए-५०२, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्याच महिन्यात आमच्या प्रयोगाच्या तालमीत समोरचा नट म्हणाला, आज तू पहिल्यांदा माझं वाक्य ऐकून बोललीस. व्हॉइस, मूव्हमेंट, सीनवर्क सगळं रोज चालू होतं पण ऐकायला मला त्या मुलांनी शिकवलं.

ए-२०४: वाचून अंगावर काटा आला गं. पण कॉलेज निवडायचं कसं? आणि ऑडिशन असते म्हणे.

सी-४०३: ऑडिशनला बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या धाटणीची स्वगतं मागतात, एक जुन्या नाटकातलं एक नव्या, दोनेक मिनिटांची. पाठांतर पक्कं हवंच पण खरी परीक्षा पुढे असते, तेच आता वेगळं करून दाखव म्हणतात, तेव्हा लवचिक राहता आलं पाहिजे. कॉलेजला मात्र तिने उलट प्रश्न विचारावेत, खऱ्या मुलांसमोर किती तास उभं राहायला मिळेल, मागे बसून बघणारं कोणी असेल का की नुसतं लेसन प्लॅन लिहून घेतात, शेवटी प्रयोग आणि त्यावरचं लेखन दोन्ही आहे का. माझ्या मते दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

काकांचा मुद्दा पण खरा आहे हं. शाळेत कायम नोकरी हवी तर बऱ्याच ठिकाणी शिक्षकाची वेगळी पात्रता लागते, ती या डिग्रीत धरलीये का हे ॲडमिशनच्या आधी लेखी विचारायचं. अमेरिकेत जायचा विचार असेल तर तिथे एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही या विषयातली शेवटची, म्हणजे सगळ्यात वरची डिग्री मानतात, बहुतेक तीन वर्षांची, आणि बरेच विद्यार्थी शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवतात, त्यातून फीलाही हातभार लागतो.

ए-२०४: तिला तुझ्याकडे पाठवू का?

सी-४०३: हो काकू, शनिवारी पाठवा, दोन्ही स्वगतं तयार करून. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात मागे येऊन बसू दे, आधी बघू दे.

बी-१०१: ते तेल कोणी चोरलं होतं मग?

सी-४०३: कोणीच नाही काका. मुलांनीच पुढच्या तासाला शोधून काढलं की राखणदाराने ते वादळात अडकलेल्या एका होडीला देऊन टाकलं होतं आणि भीतीने कोणाला सांगितलं नव्हतं. राखणदार म्हणजे मीच, त्यामुळे तिथल्या तिथे तीस जणांसमोर कबूल करावं लागलं. त्या मुलाने उठून माझी शाल नीट केली.