'ते तसलेच असतात' : मुलांशी यावर कसं बोललात? अनुभव लिहा

मुलांच्या तोंडून कधीतरी एखादं वाक्य येतं आणि आपण चपापतो. 'मुली गणितात कच्च्याच असतात.' 'ती काळी आहे, तिला राणीचं काम नको.' 'ती माणसं चोरच असतात.' आपल्या घरात असं कुणी बोलत नाही अशी आपली खात्री असते (ती कितपत खरी, हा वेगळा धागा होईल). मग हे आलं कुठून, आणि आता करायचं काय?

जात, धर्म, रंग, बाई-पुरुष, अपंगत्व, बोलण्याचा हेल, गरिबी... पूर्वग्रह कशाहीबद्दल असो. मुलांना तो ओळखायला आणि हटकायला शिकवताना तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा. 'सर्व समान आहेत हे मुलांच्या मनावर बिंबवायला हवे' छापाची वाक्यं कृपया नकोत, ती आपण सगळ्यांनी प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून ऐकली आहेत. काय विचारलंत, मूल काय म्हणालं, काय फसलं, ते सांगा. तरुण मंडळींनी स्वतःचं लिहिलं तर फारच छान.

प्राथमिक शिक्षिका, चौथीचा वर्ग

कोरे कागद वाटले आणि 'शास्त्रज्ञ काढा' एवढंच सांगितलं. युक्ती माझी नाही. डेव्हिड वेड चेंबर्स या संशोधकाने ४,८०७ मुलांकडून अशी चित्रं काढून घेतली होती आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. बाई शास्त्रज्ञ होती फक्त २८ चित्रांत, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. एकाही मुलाने नाही. पुढच्या दशकांत हे प्रमाण बरंच सुधारलं, पण मुलं मोठी होतात तसा कागदावर पुरुषच जास्त उमटतो, हे अजून दिसतं.

माझ्या वर्गातही चष्मा, विस्कटलेले केस, पांढरा कोट, नळीतून धूर, आणि जवळजवळ सगळे बाप्ये. इथे पटकन स्त्री शास्त्रज्ञांचा तक्ता भिंतीवर लावायचा मोह होतो. तो आवरला आणि विचारलं, 'हा माणूस तुमच्या डोक्यात आला कुठून?' कार्टून, जाहिरात, वहीचं कव्हर, अशी यादी मुलांनीच केली. मग जोड्या पाडून पाठ्यपुस्तकं मोजायला दिली : प्रत्येक चित्रात कोण आहे आणि काय करतंय. एक जण म्हणाला, 'बाई, यातले बाबा कधीच कपडे वाळत घालत नाहीत.' शेजारची म्हणाली, 'आणि जाडा मुलगा फक्त खाताना आहे.' ही दुसरी गोष्ट माझ्या यादीतही नव्हती.

आता ती काहीही मोजतात. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या तसबिरीही मोजून आली. त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही.

पाच वर्षांच्या मुलाचा बाबा

लिफ्टमध्ये एक गृहस्थ होते, चेहऱ्यावर आणि हातांवर कोड. आमचे चिरंजीव मोठ्याने, 'बाबा, या काकांना रंग अर्धाच का लावलाय?' ओठांवर आलेलं 'शूऽऽ' गिळलं आणि सांगितलं की कातडीला रंग देणाऱ्या पेशी काही जागी नाहीशा होतात, हात लावला तर आपल्याला होत नाही. काका म्हणाले, 'बरोबर. आणि हा डाग बघ, बदकासारखा आहे की नाही?' दोघांनी मिळून आणखी प्राणी शोधले.

गप्प केलं की मुलाला एवढंच कळतं की समोरच्या माणसात काहीतरी वाईट आहे. आणि 'एवढ्याशा पोरांना काय कळतंय' म्हणणाऱ्यांसाठी : अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. 'चांगली कोणती?' या प्रश्नाला बहुतेकांनी गोरी बाहुली उचलली. शाळांमधली वर्णानुसार फारकत बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्यांच्या कामाचा दाखला आहे.

जन्मांध, महाविद्यालयांत सत्रं घेते

अपंगत्वाची 'जाणीव' करून द्यायची म्हटलं की सगळीकडे एकच खेळ : डोळ्यांवर पट्टी बांधा आणि चाला. पट्टी सुटली की मुलं गहिवरून म्हणतात, 'ताई, तुम्ही जगता तरी कशा!' घ्या. कीव होतीच, ती पक्की झाली. पाच मिनिटांच्या आंधळेपणात फक्त चाचपडणं कळतं. काठीने रस्ता वाचणं, आवाजावरून मोकळी जागा ओळखणं, याला महिनोन्‌महिने सराव लागतो. या खेळाचा अभ्यासही झालाय : पट्टी बांधून पाहिलेल्यांना नंतर अंध माणसं कामाला आणि एकटं राहायला कमी सक्षम वाटू लागली.

मी पट्टी नेतच नाही. फोनवरचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) माझ्या नेहमीच्या वेगात लावते आणि विचारते, काय ऐकलंत? कुणाला एक अक्षर कळत नाही. मला सगळं कळलेलं असतं. मग त्यांच्याच महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज मी त्यांच्यासमोर भरायला घेते. जिथे बटणाला नाव दिलेलं नसतं तिथे रीडर नुसतं 'बटण, बटण' करत बसतो आणि मी अडकते. मुलं वैतागतात, 'हे कुणी बनवलंय?' गहिवर जाऊन असा वैताग आला की माझं काम झालं. एका वर्गाने तर त्याच दिवशी अर्ज बनवणाऱ्या विभागाकडे लेखी तक्रार दिली.

एक आई

ताईंनी पट्टीचं लिहिलं त्याच जातीचा दुसरा प्रकार. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या जेन एलियट या शिक्षिकेने भेदभाव म्हणजे काय ते मुलांना कळावं म्हणून तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एक दिवस एक गट वरचढ, मग दुसरा. त्याची गोष्ट वाचून मुलीच्या शाळेत कुणीतरी स्टिकर वाटून तसं केलं. पालकांना आधी सांगितलं नव्हतं, नंतर मुलांशी धड बोलणंही झालं नाही. मुलीने त्यातून काय घेतलं? 'पुढच्या वेळी निळा स्टिकर मिळाला पाहिजे.' मुलांना रडवून शिकवायचं असेल तर मला तो अभ्यासक्रम नको.

शिबिरं घेणारा कार्यकर्ता

दोन शाळांची मुलं एकत्र आणली की आपोआप मैत्री होते, असं आमच्या संस्थेत अजूनही अनेकांना वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवलं. बघता बघता शिव्या, झेंडे जाळणं, खोल्यांवर हल्ले. मग एकत्र जेवायला बसवलं, तर ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं! पाण्याचा पुरवठा बंद पडला, ट्रक अडला, अशी दोघांनी मिळूनच सुटणारी कामं आली तेव्हा कुठे तंटा निवळला. त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की नुसता सहवास पुरत नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वर बसलेल्यांचा पाठिंबा हवा.

आम्ही एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत सुरू केलेली जोडकोड्याची पद्धत वापरतो. पाच जणांचा मिश्र गट, एका विषयाचे पाच तुकडे, प्रत्येकाला एकच. आधी तोच तुकडा असलेली सगळ्या गटांतली मुलं एकत्र बसून तो नीट समजून घेतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. शेवटी चाचणी पूर्ण विषयावर, प्रत्येकाची स्वतंत्र. म्हणजे शेजारच्याला हिणवलं तर आपलेच गुण जातात. गट मुलांना निवडू देऊ नका, हे मात्र नक्की.

गेल्या शिबिरात एक शाळा भरपूर फी घेणारी, दुसरी अजिबात फी नसलेली. पहिल्या शाळेतला एक हुशार म्हणवणारा मुलगा आपला तुकडा न वाचताच आला. बाकीच्या चौघांनी त्याला यथेच्छ झापलं, त्यात दोन्ही शाळांची मुलं होती. 'तुमची शाळा, आमची शाळा' एकदाही निघालं नाही. इतकं निखळ भांडण मी बऱ्याच काळात ऐकलं नव्हतं. आणि समारोपाला कुणा उत्साही माणसाने शाळावार रस्सीखेच ठेवली. दहा मिनिटांत सगळं मूळ पदावर.

बारावीत आहे

वर्गात 'त्यांच्यातली' मी एकटीच. सण आला की 'तुमच्यात काय करतात गं?', बातमी आली की पंचवीस माना माझ्याकडे. मला अख्ख्या समाजाचं प्रवक्तेपद नकोय. 'तू त्यांच्यासारखी वाटत नाहीस' हे कौतुक म्हणून सांगणारेही आहेत. 'तुम्ही लोक मेहनती असता' हेही तसलंच. मग मी आळशीपणा केला की मी नापास, आणि माझे लोकही नापास.

एका बाईंनी छान केलं. एका मोठ्या बातमीनंतर सगळ्यांकडून बिननावाच्या चिठ्ठ्यांवर प्रश्न घेतले, दोन दिवस स्वतः वाचून आल्या आणि उत्तरं त्यांनीच दिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिक्षकांनो, वर्गातल्या त्या एका मुलीचं पाठ्यपुस्तक करू नका.

वय १९

ग्रुपवर 'विनोद' येतात तेव्हा काय बोलायचं हा आमचा खरा प्रश्न असतो. भाषण दिलं की 'आला मोठा समाजसुधारक'. मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य : 'कळला नाही रे, समजावून सांग ना.' सांगणाऱ्याला मग 'म्हणजे ती माणसं मूर्ख असतात ना, म्हणून...' असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, आणि विनोद तिथेच बसतो. हे ऐन वेळी सुचत नाही. आम्ही मित्रांनी आळीपाळीने खडूस काका होऊन सराव केला होता. चौघांसमोर बोलायची हिंमत नसेल तेव्हा ज्याच्यावर विनोद झाला त्याला नंतर 'मला ते आवडलं नाही' एवढं तरी कळवतो.

तेरा वर्षांच्या मुलीची आई

वरच्या खडूस काकांवरून. आमच्याकडे ते खरेच आले होते, घरकामाच्या मावशींबद्दल काहीतरी बोलले. लेक म्हणाली, 'काका, तुम्ही अशा किती जणींना ओळखता?' खोलीत शांतता. मग अपेक्षेप्रमाणे, 'मोठ्यांशी असं बोलतात का?' मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'प्रश्न नीटच विचारलाय तिने, सांगा ना किती?' पाहुणे जरा लवकर उठले. तिला एकटं पाडलं असतं तर पुढच्या वेळी ती बोलली नसती. स्वयंपाकघरात मागाहून पाठ थोपटून भागत नाही.

चौदा वर्षांच्या मुलाचा बाबा

मदत हवी आहे. मुलगा व्हिडिओ बघून आकडे फेकतो. 'अमुक लोक गुन्हे जास्त करतात, डेटा आहे बाबा.' भावनेचं काही बोललो की हसतो.

गणिताचा शिक्षक

आकड्यांनीच जा. आम्ही नववीत मुला-मुलींची उंची मोजतो आणि एकाच कागदावर दोन आलेख काढतो. मुलांची सरासरी सहसा जास्त येते, म्हणजे विधान खरं. मग विचारतो, दाराबाहेर मुलगी उभी आहे, ती या वर्गातल्या अमुक मुलापेक्षा बुटकीच असेल का? आलेख एकमेकांवर इतके चढलेले असतात की कुणीच पैज लावत नाही.

गुन्ह्यांच्या आकड्यांत आणखी एक गोम आहे. पोलीस जिथे जास्त तपासण्या करतात तिथेच जास्त गुन्हे सापडतात, आणि नोंद होते ती सापडलेल्यांची. शिवाय गरिबी, वय, वस्ती यांचा हिशेब वेगळा काढलाय का, हे व्हिडिओवाला सांगत नाही.

त्याला खोटं पाडायला बसू नका. त्याच्याच व्हिडिओतला एक आकडा त्याला निवडू द्या आणि मूळ अहवाल शोधायचं काम त्याच्यावर सोपवा. माझ्या एका विद्यार्थ्याने असा शोध घेतला तेव्हा आकडा भलत्याच वर्षाचा आणि भलत्याच देशाचा निघाला. त्याचं त्यालाच सापडलं, म्हणून पटलं. आकडा खरा निघाला तरी गडबडू नका, तेव्हा उंचीचा आलेख काढायला घ्या.