नडगीवरच्या दुखऱ्या गाठी (एरिथेमा नोडोसम): तुमच्या मुलांचे अनुभव सांगा

लेक नऊ वर्षांची. शाळेतून लंगडत आली. मोजे काढले तर दोन्ही नडग्यांवर लालभडक, गरम गाठी, चादर लागली तरी कळवळायची. मी सारखी विचारतेय, "कुठे आपटलीस?" आणि ती रडत, "नाही गं आई, पडलेच नाही." तिचं खरं मानलं नाही, हे मला अजून लागतं. सासूबाईंनी आंबेहळद लावली. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न: मागे घसा धरला होता का? धरला होता, तीन आठवड्यांपूर्वी. रक्तात एएसओ (घशाला स्ट्रेप जंतूंचा संसर्ग होऊन गेल्याची खूण) वाढलेला निघाला. त्वचेखालच्या चरबीला सूज येते, पण मूळ दुसरीकडे असतं, असं त्यांनी समजावलं. पाय उशीवर ठेवून आराम, दुखण्यावर औषध. गाठी लालच्या जांभळ्या, मग मुक्या मारासारख्या हिरवट-पिवळ्या होत पाच आठवड्यांत गेल्या. व्रण नाही. तुमच्याकडे काय झालं? जरूर लिहा.
– ठाणे, नौपाडा

आमच्या मुलाला आधी पंधरा दिवस ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी हातावर मांटूची (टीबीच्या चाचणीची) सुई टोचली, तिसऱ्या दिवशी पट्टीने फुगवटा मोजला: १६ मिलिमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह. छातीचा एक्स-रे काढला, टीबी निघाला. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी. माझ्या वडिलांचा खोकला आम्ही दमा समजून वर्षभर अंगावर काढलेला, तोही टीबीच. आजोबा-नातू दोघांनी सहा महिने औषधं घेतली, सरकारी केंद्रातून मोफत. नातवाला आपल्यामुळे झालं म्हणून बाबा जेवेनात. त्यांना सांगून सांगून थकलो की नातवाच्या पायांनीच तुमचा आजार दाखवला. कृपा करून मांटू आणि एक्स-रे टाळू नका.
– ऐरोली

आमच्याकडे कारण सापडलंच नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल. असंही पुष्कळदा होतं म्हणे. महिन्याभरात बरी झाली.
– कळवा

शेजारच्या काकूंनी गळू समजून पोटीस बांधायला सांगितलं होतं. बांधू नका, चोळू नका. या गाठी पिकत नाहीत. पू झाला किंवा फुटली तर दुसरंच काही असू शकतं, लगेच दाखवा.
– नेरूळ

ऐरोलीचे दादा, वाचून आमच्याही मांटूची तारीख घेतली. सोमवारी आहे.
– ठाणे, नौपाडा